बोटीतली सहावी जागा

शालूताई,

अठ्ठावीस वर्षं मी तुला 'अहो ताई' म्हटलं. मोठी जाऊ, म्हणून 'तुम्ही'. आज 'तू' म्हणणार आहे. 'तुम्ही' म्हणून नीट भांडता येत नाही. दर वाक्याला आपणच समोरच्याला बसायला खुर्ची देतोय असं वाटतं. मला आज तुला खुर्ची द्यायची नाही. मला भांडायचंय.

तू गेल्याला पाच आठवडे झाले. आमच्या घरी माणसं येतात. जवळपासच्या पिनरची, स्टॅनमोरची, एक जोडपं तर थेट बर्मिंगहॅमहून आलं. सगळे अशोकभाऊजींच्या शेजारी बसतात आणि हळू आवाजात तुझं कौतुक करतात. किती शांत, किती प्रेमळ, किती दुसऱ्याचं करणारी. भाऊजी मान हलवतात. हिपच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले आणि तू बेटावरच थांबलीस, सीझन सुरू होतोय म्हणून. त्यांचे टाके निघाले त्याच दिवशी तू गेलीस. अजून झिमर, म्हणजे तो चार पायांचा वॉकर, धरून चालतात. रडत नाहीत, चिडत तर मुळीच नाहीत. "तिचा स्वभावच होता गं तसा, प्रज्ञा," एवढंच म्हणतात. म्हणजे तुझ्यावर चिडायला या घरात मी एकटीच उरले.

आधी कबूल करायचं ते करून टाकते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी.

मी लग्न करून इथे आले तेव्हा कडक थंडी होती आणि माझ्या अंगावर लग्नातली शाल. दुसऱ्याच दिवशी तू मला बसने हॅरोला नेलंस आणि कोट घेतलास, दोन साइझ मोठा. "आत दोन स्वेटर मावले पाहिजेत," म्हणालीस. नर्सिंगची इथली परीक्षा मी दोनदा नापास झाले, तेव्हा घरात कुणालाच कळू दिलं नाहीस. तिसऱ्या वेळी मी अभ्यास करत होते तेव्हा माझा तान्हा मुलगा तुझ्या कडेवर होता, तुझी समता तुझा ड्रेस ओढत होती, आणि तू एका हाताने पोळ्या लाटत होतीस. शाळेच्या किचनमध्ये तू एकवीस वर्षं डिनर लेडी होतीस. कांबळे हे नाव मुलांच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून ती तुला 'मिसेस के' म्हणायची. मोठी झालेली मुलं हाय रोडवर थांबवून मिठी मारायची तुला. हे सगळं मला आठवतं. एकही गोष्ट विसरलेली नाही. म्हणूनच एवढा राग येतो.

कौन्सिलमधून रिटायर झाल्यावर भाऊजींना समुद्र हवा होता. तुला माणसं हवी होती. अंदमानात सुट्टीला गेलात आणि पोर्ट ब्लेअरपासून चार तासांवरच्या त्या बेटावर पर्यटकांना राहायला बांधलेल्या एका म्हाताऱ्याच्या पाच झोपड्या बघून आलात. तो भाडेपट्ट्यावर द्यायला तयार होता. घरी येऊन तू फक्त म्हणालीस, "प्रज्ञा, तिथे स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो." मी आणि तुझ्या दिराने, विजयने, दोन वर्षांचा करिअर ब्रेक घेतला आणि तुमच्या मागून आलो. बोर्डावर नाव रंगवलं, 'विसावा'. गोरे पाहुणे त्याला 'विझावा' म्हणायचे आणि आपण आत जाऊन हसायचो.

विसावा! पहाटे पंप बंद पडायचा. कांदे बोटीने यायचे, बोट नाही आली की चार दिवस कांद्याशिवाय कालवण. गाद्यांत वाळू, पिठात मुंग्या, जनरेटरच्या धुराने डोळे लाल. आणि बाहेर पाहुणे डोळे मिटून समुद्राकडे तोंड करून बसलेले. आपण बौद्ध आहोत हे कळलं की ते खूश व्हायचे. "म्हणूनच तुम्ही इतक्या शांत," असं एक बाई तुला म्हणाली. दोन मिनिटांपूर्वी तू पंपावरून भाऊजींच्या नावाने शंख केला होतास, हाताला माशाचे खवले होते. तू तिला म्हणालीस, "येस, येस. व्हेरी काम."

तेव्हा मी पोट धरून हसले होते. खरं सांगते, त्या दोन वर्षांत मी जितकी हसले तितकी कधीच हसले नव्हते.

पण त्या टॉवेलवरून जे झालं ते राहिलंच.

जेवणाच्या शेडसमोर तू बुद्धमूर्ती ठेवली होतीस, नागपूरहून आणलेली. एका पाहुणीने तिच्या खांद्यावर आपला ओला टॉवेल वाळत घातला. वर पोहण्याचा पोशाख. मी दोन्ही उचलून तिच्या हातात दिले आणि तिला जे सांगायचं ते सांगितलं. ओरडले नाही. तेवढ्यात तू आतून धावत आलीस आणि तिची माफी मागितलीस. "शी इज टायर्ड," माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू नारळ खवत होतीस. मी म्हटलं, "ताई, माफी कसली मागितलीत?"

"टॉवेलच होता. पाहुणी आहे ती."

"आणि मी कोण?"

तू हात थांबवलेस. "माझ्या आजोबांचा कप हॉटेलच्या बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. आपण प्यायचा, आपण धुवायचा, परत टांगायचा. आज कुठकुठली माणसं विमानं बदलत, बोटीत ओकत, माझ्या हातचं खायला येतात. बोटं चाटून खातात. मला काय वाटतं ते तुला नाही कळायचं, प्रज्ञा."

मला नाही कळायचं! मी काय दुसऱ्या वस्तीतून आले होते? माझ्या आजीने विहिरीवर किती तास उभं राहून काढले, ते तुला पाठ होतं. मी चिडले. पाहुण्यांचं होईपर्यंत आपण चौघं रोज मागच्या ओट्यावर थांबायचो आणि मग उरलेलं खायचो, आपल्याच जागेत, तेही डोक्यात होतं. मी म्हटलं, "आजोबांना लोकांनी बाहेर बसवलं. तुम्ही आपल्या पायांनी बाहेर जाऊन बसता."

तू खवत राहिलीस. खोबरं संपलं तरी खवत राहिलीस. त्या दिवशीच्या कालवणात करवंटीचे काळे कण आले होते.

तो सीझन संपल्यावर आम्ही परत आलो. जेट्टीवर तू लिंबाच्या लोणच्याची बरणी हातात दिलीस आणि म्हणालीस, "पोचलीस की फोन कर." केला. त्यानंतर सहा वर्षं आपण दर रविवारी फोनवर बोललो. पाऊस, भाऊजींचा हिप, समताची नोकरी, माझ्या मुलाचं लग्न. त्या सकाळबद्दल एक शब्द नाही. मी बोलले ते चूक होतं का? की खरं होतं म्हणून तुला इतकं लागलं? मला अजून माहीत नाही. तू सांगायला हवं होतंस. शिव्या घालायच्या होत्यास. एवढं मोठं भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून कुणी जातं का?

आता शेवटच्या आठवड्याचं.

गुरुवारी जेट्टीवर कुणाची तरी बॅग उचलताना तुझा पाय घसरला आणि शिंपल्यांच्या दगडावर तळवा चिरला. तुला डायबेटिस आहे हे बेटावरच्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. मला तू सांगितलंच नाहीस. शनिवारी मी सहज व्हिडिओ कॉल केला तेव्हा मागून मिनोती ओरडली, "दीदी, पैर दिखाओ उनको!" मिनोती, तुझी स्वयंपाकातली जोडीदारीण, तुझ्यापेक्षा शहाणी.

"खरचटलंय गं," तू म्हणालीस.

"ताई, पाय दाखवा."

मी डिस्ट्रिक्ट नर्स आहे. रोज हॅरोभर गाडी फिरवते आणि लोकांचे पायच बघते. गुजराती आज्यांचे, आयरिश आजोबांचे. बँडेज सोडायच्या आधी वासावरून सांगू शकते काय झालंय. तुझा पाय मी पाच हजार मैलांवरून, फोनच्या काचेतून बघितला. मी मिनोतीला पेनने लालीच्या कडेने रेघ मारायला लावली. तासाभराने फोटो मागवला. लाली रेघ ओलांडून दोन बोटं वर गेली होती.

मी परत फोन केला. "उद्याची बोट. उद्याचीच. सलाइनमधून औषध द्यावं लागेल, गोळ्यांनी होणार नाही."

"अगं, उद्या सगळे पाहुणे निघणार. हवा बिघडतेय म्हणतात."

"मग त्यांच्याबरोबर तुम्हीही निघा."

"बघते."

"बघते नाही. हो म्हणा."

"पाहुण्यांचं तरी होऊ दे गं आधी."

आणि मी म्हटलं, "मग मरा तिथेच." आणि फोन ठेवला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भाऊजींना नाही, समताला नाही, विजयलाही नाही. आपल्याकडे असं बोलतात, मरा तिकडे, जा मसणात. तूही भाऊजींना दिवसातून दोनदा म्हणायचीस. पण मी म्हटलं, आणि रविवारी तुला फोनही केला नाही. लोकांना सांगते की मला वाटलं तू बोटीत असशील, रेंज नसेल. खोटं आहे. मी रुसले होते. म्हटलं, या वेळी आपण होऊन फोन करू दे हिला.

रविवारी सरकारी बोट रद्द झाली. एक खाजगी बोट निघणार होती, वादळाआधीची शेवटची. माणसं सहा. पाहुणे सहा, आणि तू सातवी. बोटवाला म्हणाला, "मैडम, छह से एक भी ज़्यादा नहीं. समुंदर देख रही हो ना." मिनोतीने तुझी पिशवी बोटीत ठेवलीसुद्धा होती. ग्रॅहम नावाचा तो आमच्या इथलाच, सरेचा पाहुणा खाली उतरला आणि म्हणाला, तुम्ही जा, मी थांबतो. हे मिनोतीनेच सांगितलं मला, दोनदा विचारून खात्री करून घेतली. तो उतरला होता, ताई. वाळूत उभा होता.

आणि तू पायघोळ गाऊनखाली पाय झाकून त्याला म्हणालीस, नो नो, लिटल स्क्रॅच, यू हॅव फ्लाइट. पिशवी स्वतः उतरवून घेतलीस. पाहुण्याचं विमान चुकायला नको. मंगळवारी त्याला ऑफिसात हजर राहायचं होतं म्हणे. ऑफिसात!

मग तीन दिवस समुद्राने कुणालाच सोडलं नाही. फोनचा टॉवरही गेला. बेटावरच्या दवाखान्यात जे होतं ते दिलं त्यांनी. मिनोती कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि इथे मी त्याच तीन दिवसांत अकरा जणांच्या पायांना बँडेज केलं. बुधवारी पहिल्या बोटीने तुला पोर्ट ब्लेअरला नेलं. शुक्रवारी तू गेलीस.

तू अजून हॉस्पिटलात होतीस तेव्हाच ग्रॅहमने रिव्ह्यू टाकला. पाच तारे. जेवणाबद्दल, समुद्राबद्दल, तुझ्याबद्दल. शेवटी लिहिलंय, बोटीतल्या शेवटच्या जागेवरून आमची प्रेमळ हुज्जत झाली आणि अर्थातच ती जिंकली.

जिंकली. हा शब्द मी गाडीत बसून वाचला, पेशंटच्या दारासमोर, आणि पाच मिनिटं मला दार उघडून उतरता येईना.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम स्टॅनमोरच्या हॉलमध्ये झाला. वंदना झाली, मग भाषणं. तीन जण बोलले आणि तिघांनी बोटीची गोष्ट सांगितली. एक काका म्हणाले, ही तर दानपारमिता, आपलं आसन दुसऱ्याला देणं. लोकांनी डोळे पुसले. मी बघत होते, तुझं मरण डोळ्यांदेखत एक छान गोष्ट होत चाललं होतं, मुलांना सांगण्यासारखी. माझं नाव यादीत नव्हतं. मी उठले आणि माइक घेतला.

"ती बोटीत बसली असती तर आज जिवंत असती," मी म्हटलं. "हे दान नव्हतं. तिला स्वतःचा जीव पाहुण्याच्या विमानापेक्षा स्वस्त वाटला. असं का वाटलं, ते आपल्याला इथे सगळ्यांना माहीत आहे. त्याला पारमिता म्हणू नका."

मग कुणीतरी जेवण तयार आहे असं जाहीर केलं.

समता एडिनबराहून आली होती. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. ती कोटांच्या खोलीत माझ्या मागे आली. "काकू, मम्मी मला फोनवर नेहमी 'मी मजेत' बोलायची. मला तिचा भाषा कळायचा. ती काय लपवते ते नाही कळायचा." आणि मग इंग्लिशमध्ये म्हणाली, की इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आईबद्दल बोललं, बाकीचे सगळे कुठल्या तरी संतिणीबद्दल बोलत होते. त्या कोटांत तोंड खुपसून आम्ही दोघी रडलो. तुझ्या लेकीची उंची आता माझ्यापेक्षा जास्त आहे. तिला वाकावं लागलं.

आणि गेल्या शनिवारी ग्रॅहम आला.

त्याने पुढच्या वर्षीच्या बुकिंगसाठी मेल केला होता. समताने त्याला एका ओळीत कळवलं. त्यावर त्याने भेटायची परवानगी मागितली. मी नको म्हटलं होतं. भाऊजींनी हो म्हटलं. मोठा माणूस आहे, साठीचा, गुडघ्यांवर कोट घेऊन सोफ्याच्या कडेवर बसला. "मला माहीत नव्हतं," एवढंच परत परत म्हणत होता. "त्या म्हणाल्या, खरचटलंय." मग त्याला रडू आलं आणि त्याला रुमाल सापडेना.

मी त्याला टिश्यू दिला नाही. चहा विचारला नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. भाऊजींनी माझ्याकडे तीनदा बघितलं. माझ्या घरात आलेला माणूस कोरडा बसलाय, आणि मी हाताची घडी घालून समोर बसले आहे. आयुष्यात पहिल्यांदा असं केलं. तुझ्यावर सूड म्हणून केलं, त्या बिचाऱ्यावर नाही. शेवटी भाऊजी झिमर धरून उठले आणि किचनकडे निघाले, एकेक पाऊल टाकत. समताने धावत जाऊन त्यांना बसवलं आणि चहा केला. तिने त्याच्याबरोबर स्वतःलाही ओतला आणि सगळ्यांच्या आधी, त्याच्याशेजारी बसून, प्यायली. बिस्किटही खाल्लं. मी बघतच राहिले.

निघताना दारात त्याने मला विचारलं, "नंतर त्या काही म्हणाल्या का? माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं बोलले. बुधवारी पोर्ट ब्लेअरला नेटवर्क मिळाल्यावर तू मला एक व्हॉइस मेसेज पाठवलास. अकरा सेकंदांचा. तुझा शेवटचा. समताला नाही, भाऊजींना नाही, मला. दम लागलाय तुला त्यात. म्हणतेस, "प्रज्ञा, डॉक्टर बघतायत गं पाय. तू काळजी करू नको. त्या ग्रॅहमला विमान मिळालं का? तिकडून जरा बघ ना."

मी हे त्याला सांगितलं असतं तर तो आयुष्यभर जपून ठेवत बसला असता. नाही देणार. तुझा अकरा सेकंदांचा श्वास आहे तो, आणि तू तोही पाहुण्याला वाढायला निघाली होतीस. मी रोज ऐकते. ऐकून रोज नव्याने चिडते. 'मरा तिथेच' म्हणणाऱ्या जावेला, मरायला टेकल्यावर, 'तू काळजी करू नको' म्हणालीस, तेही ऐकते. त्याचं काय करायचं, ते मात्र मला कळत नाही.

तर ऐक. मिळालं त्याला विमान. मंगळवारी सकाळी तो ऑफिसात वेळेवर होता. मी त्याला विचारून घेतलं.

झालं? आता आमचं विचार.